शाळेला फुकट कॉम्प्युटर देणाऱ्याला नक्की काय मिळतं?

मुंबईतल्या एखाद्या अनुदानित मराठी शाळेचं वाचनालय डोळ्यांसमोर आणा. लांबट खोली, काचेची कपाटं, त्यांच्या चाव्या अर्धवेळ ग्रंथपालाकडे, आणि कोपऱ्यात प्लास्टिकचं कव्हर घातलेले दोन जुने कॉम्प्युटर, त्यांतला एक बंद. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकीच्या खर्चासाठीचे सरकारी पैसे, कधी येईल आणि किती येईल, याचा भरवसा नाही. अशा शाळेत कोणी येऊन म्हणालं, ‘वीस नवे कॉम्प्युटर देतो, इंटरनेट देतो, दुरुस्तीही आमची. तुम्ही जागा आणि वीज द्या. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रायोजकांची छोटीशी पट्टी दिसेल, बस्स’, तर नाही म्हणणं मुख्याध्यापकांच्या जिवावर येणारच.

असाच एक प्रस्ताव मध्य उपनगरातल्या एका शाळेच्या समितीवर असलेल्या मित्राने मला वाचायला पाठवला. चार गुळगुळीत पानं, त्यांवर हसरी मुलं. तिसऱ्या पानावर शाळेने भरून द्यायचा तक्ता होता. इयत्तावार पटसंख्या, त्यात मुलं किती, मुली किती, घरं कुठल्या भागात, आणि शेवटचा रकाना ‘पालकांचा अंदाजे उत्पन्नगट’. कॉम्प्युटर बसवायचे तर खोलीचं माप लागतं, प्लग किती आहेत ते लागतं. पालकांचं उत्पन्न कशाला हवं? या एका रकान्याचं कारण कळलं की बाकीचा व्यवहार कळायला वेळ लागत नाही.

देणगी आणि जाहिरात

देणगीदाराचं नाव आपल्या शाळांना नवं नाही. पंख्याच्या पात्यांवर, भिंतीवरच्या घड्याळावर, कपाटाच्या दारावर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ भेट’ असं लाल रंगात रंगवलेलं असतंच. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, वाटूही नये. पण तो पंखा खाली कोण बसलंय याची नोंद ठेवत नाही. सातवीचा वर्ग उठून नववीचा आला म्हणून पात्यावरचं नाव बदलत नाही. आणि पंखा रोज अमुक तास चालवलाच पाहिजे, नाहीतर काढून नेऊ, असं देणगीदार म्हणत नाही.

इंटरनेटवरची जाहिरात नेमकं हेच सगळं करू शकते. म्हणून ‘नाव तर पंख्यावरही असतं’ हा युक्तिवाद बैठकीत पुढे आला की तिथेच थांबून विचारायचं: ही पट्टी बघणाऱ्याकडे बघते का?

पट्टीत जाहिरात येते कुठून?

जाहिरातीची पट्टी दोन तऱ्हांनी चालते. पहिली तऱ्हा साधी. जाहिरातीचं चित्र कॉम्प्युटरवर किंवा शाळेतल्याच सर्व्हरवर ठेवलेलं असतं आणि सगळ्यांना तेच दिसतं. यात मुलाबद्दल काही कळण्याची गरज नसते. बेस्टच्या बसच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या फलकाइतकीच ती आंधळी असते.

दुसऱ्या तऱ्हेत ती जागा रिकामी असते. मुलाने पान उघडलं की त्या जागेसाठी इंटरनेटवर लिलाव होतो. कोणत्या भागातला कॉम्प्युटर आहे, कोणतं पान उघडलंय, याआधी काय काय बघितलंय, अशी माहिती बोली लावणाऱ्यांकडे जाते. जो जास्त बोली लावेल त्याची जाहिरात पट्टीत उतरते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतं, आणि माणूस कुठेच नसतो, सगळं यंत्रांचं काम.

ही बोली चढी यावी म्हणून बघणाऱ्याची माहिती सतत गोळा करत राहण्याला ट्रॅकिंग म्हणतात, म्हणजे माग ठेवणं. त्या माहितीवरून ज्याला त्याला वेगळी जाहिरात दाखवली की ती लक्ष्यित जाहिरात. बस, या लेखापुरते हे दोनच शब्द लक्षात ठेवले तरी भागेल.

शाळेतला कॉम्प्युटर सगळ्यांचा असतो, मग माग कोणाचा ठेवणार, असं वाटू शकतं. खरंच, दहा मुलं एकाच मशीनवर एकामागून एक बसली तर माहितीची खिचडी होते. म्हणूनच असे प्रस्ताव प्रत्येक मुलाला वेगळं लॉगिन देण्याचा आग्रह धरतात. ‘प्रत्येक विद्यार्थ्याचा अभ्यास सुरक्षित राहावा’ हे कारण खोटं नाही. पण त्याच लॉगिनमुळे अकरा वर्षांच्या मुलीने सहावी ते दहावी काय काय शोधलं, याची एकसंध मालिकाही तयार होते. लॉगिन आहे म्हणजे माग ठेवलाच जातो असं नाही, पण लॉगिनमुळे ते सोपं होतं.

पैशांचा हिशेब जुळतो का?

इथे जरा आकडेमोड करू. दर मी सोयीसाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाकून बघा.

वीस कॉम्प्युटर, रोज पाच तास, वर्षाला २०० दिवस. म्हणजे २०,००० तास. जाहिरात दर अर्ध्या मिनिटाला बदलली तर तासाला १२०, वर्षाला २४ लाख वेळा जाहिरात दिसली. या धंद्यात भाव दर हजारी ठरतो. हजाराला २० रुपये धरले तर वर्षाचे ४८,००० रुपये.

आता खर्च. एक कॉम्प्युटर ३५,००० रुपये, वीस म्हणजे ७ लाख. पाच वर्षं टिकले तर वर्षाला १ लाख ४० हजार. इंटरनेट आणि बिघडल्यावर येणारा माणूस यांचे वर्षाला लाखभर. एकूण २ लाख ४० हजार. उत्पन्न ४८ हजार. भाव हजाराला ५० रुपये केला तरी १ लाख २० हजार, म्हणजे खर्चाच्या निम्मेच. शिवाय हे बघणारे प्रेक्षक कोण, तर ज्यांच्या खिशात पैसे नाहीत आणि मधल्या सुट्टीत वडापाव घ्यायचा की नाही याचा विचार करतात अशी मुलं.

नुसत्या पट्टीवर हा गाडा चालत नाही. मग उरलेली रक्कम येते कुठून? एक तर मुलांबद्दलच्या माहितीतून. दुसरं म्हणजे पालकांकडून, म्हणजे क्लास, ट्यूशन ॲप, टॅबलेट, विमा यांची गिऱ्हाइकं शाळेमार्फत मिळवून. तिसरी शक्यता अशी की कंपनी गुंतवणूकदारांच्या पैशावर दोन-तीन वर्षं ढकलते आणि मग गाशा गुंडाळते. उत्पन्नगटाचा रकाना पहिल्या दोन शक्यतांसाठी असतो. तिसरीचा अनुभव अमेरिकेने घेऊन झालाय.

पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रयोग

१९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात झॅपमी नावाची कंपनी निघाली. शाळांना ती कॉम्प्युटर, प्रिंटर, छपरावर उपग्रहाची डिश आणि इंटरनेट, सगळं फुकट द्यायची. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात जाहिरातींची चौकट असायची. बदल्यात शाळेने हमी द्यायची की कॉम्प्युटर दिवसाला सरासरी चार तास वापरात राहतील. मुलांचं वय, मुलगा की मुलगी, कुठल्या पिनकोडचा, ही माहिती जाहिरातदारांसाठी कामाची होती. राल्फ नेडर यांच्यासारखे ग्राहक चळवळीतले लोक विरोधात उभे राहिले. १९९९ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले आणि २०००च्या अखेरीस शाळांतला फुकटचा कारभार आवरताही घेतला. डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा फुगा त्याच सुमारास फुटत होता, त्यामुळे सगळं श्रेय विरोधकांना देता येत नाही.

त्याच्याही आधीचं उदाहरण चॅनल वनचं. १९९० पासून ही कंपनी अमेरिकी शाळांना टीव्ही, व्हीसीआर आणि डिश द्यायची. शाळेने मुलांना रोज बारा मिनिटांचं बातमीपत्र दाखवायचं, त्यात दोन मिनिटं जाहिराती. करारातलं कलम मला फार बोलकं वाटतं: शाळेच्या ९० टक्के दिवशी आणि ८० टक्के वर्गांत कार्यक्रम दाखवला गेलाच पाहिजे. म्हणजे शिक्षकाला बंद करायचा अधिकार जवळजवळ नाहीच. हे चॅनल २०१८ पर्यंत चाललं, झॅपमीसारखं दोन वर्षांत आटोपलं नाही. त्यामुळे ‘असल्या योजना टिकतच नाहीत’ असंही म्हणता येत नाही. टिकलेली योजना शाळेच्या वेळापत्रकात हात घालून टिकली, एवढंच.

आपल्याकडचा अनुभव जरा वेगळ्या घराण्यातला आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनवर गुगल आणि रेलटेलचं मोफत वायफाय सुरू झालं. पुढे चारशेहून जास्त स्टेशनांवर ते पोचलं. २०२० मध्ये गुगलने हात काढून घेतला. डेटा इतका स्वस्त झाला की आता याची तितकी गरज उरली नाही, असं कारण दिलं. स्टेशनवरचं वायफाय बंद पडलं नाही, कारण मागे रेलटेल ही सरकारी कंपनी उभी होती. शाळेच्या वाचनालयामागे कोण उभं आहे, हे करार करतानाच बघायला हवं.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती म्हणजे मूल. मुलांचा माग ठेवणं, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणं आणि त्यांच्यावर रोखलेली लक्ष्यित जाहिरात करणं, या तिन्हींना कलम ९ मनाई करतं. मुलाची माहिती वापरायची तर पालकाची पडताळून घेतलेली संमती लागते. मुलांबाबतची बंधनं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य बंधनं लागू व्हायला तिथून दीड वर्षाची मुदत आहे, म्हणजे मे २०२७.

शाळांना यात काही सूट आहे, आणि प्रस्ताव घेऊन येणारे तिचा हवाला देतात. ती नीट वाचा. शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी लागेल तेवढ्यापुरती ती सूट आहे. चपला विकण्यासाठी नाही.

खाण्याच्या जाहिरातींचा नियम वेगळा आणि जुना. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि दारापासून ५० मीटरच्या आत विकायला तसंच त्यांची जाहिरात करायला बंदी आहे. (मुंबईत शाळेच्या दारापासून ५० मीटरमध्ये काय काय विकलं जातं, हा स्वतंत्र लेखाचा विषय.) वाचनालयातल्या स्क्रीनवर चिप्सची जाहिरात आली तर ती आवाराच्या आतच आली. आणि लिलावाने येणाऱ्या पट्टीत उद्या काय येईल, हे शाळेला तर सोडाच, कॉम्प्युटर देणाऱ्यालाही आज सांगता येत नाही.

आणखी एक गंमत. हे ‘सीएसआर’मधून आहे, असं बैठकीत हमखास सांगितलं जातं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, तो हा खर्च. पण आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेलं प्रायोजन त्यात धरता येत नाही, असं २०२१ पासून नियमांतच लिहिलंय. त्यामुळे एकतर ते सीएसआर आहे आणि जाहिरात नाही, किंवा जाहिरात आहे आणि सीएसआर नाही. दोन्ही एकदम सांगणाऱ्याला हे शांतपणे विचारावं.

‘मुलं जाहिराती सगळीकडेच बघतात’

बघतात. लोकलच्या डब्यात, बसस्टॉपवर, आईच्या मोबाईलवर. पण बसस्टॉपवरची जाहिरात आवडली नाही तर मान फिरवता येते. शाळेत प्रकल्प करायला बसवलेलं मूल उठून जाऊ शकत नाही. शिवाय शाळेच्या भिंतीआड जे दिसतं ते बाईंनी, सरांनी मान्य केलेलं असतं, असंच मुलं धरून चालतात. ट्यूशन ॲपची जाहिरात वाचनालयात दिसली की घरी जाऊन सांगतात, ‘आमच्या शाळेत आहे ते’. जाहिरातदार पैसे मोजतो ते याच वाक्यासाठी.

‘कंपनी लेखी देते की माहिती घेत नाही’

चांगलं आहे, लेखी घ्याच. पण नुसत्या शब्दावर जाऊ नका, कारण इथे सरकारी शिक्कासुद्धा पुरलेला नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने कोविडच्या काळात ४९ देशांच्या सरकारांनी शाळांसाठी सुचवलेली दीडशेहून जास्त ॲप आणि संकेतस्थळं तपासली. २०२२ मध्ये निष्कर्ष आला. दहापैकी जवळजवळ नऊ ठिकाणी मुलांच्या खासगीपणाला धक्का लागेल अशा पद्धतीने माहिती हाताळली जात होती. शाळेच्या अभ्यासासाठीचं आपलं सरकारी दीक्षा ॲपही तपासलेल्यांत होतं.

तपासायला फार विद्या लागत नाही. बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलं की एक चौकट उघडते, तिच्यात ‘नेटवर्क’ नावाचा भाग असतो. पान उघडताना कॉम्प्युटर कोणाकोणाशी बोलतोय त्याची यादी तिथे भराभर उतरत जाते. बालभारतीच्या पुस्तकाचं पान उघडलंय आणि यादीत भलत्याच जाहिरात कंपन्यांची नावं येतायत, तर माहिती बाहेर चालली आहे. शाळेतल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला, आयटीत असलेल्या पालकाला अर्धा तास बसवा. नमुन्याचं मशीन आणून हे दाखवा, असं कंपनीला सांगितलं तर ती तयार होते का, यावरूनही बरंच कळतं.

‘मग आपण जाहिरात अडवणारं सॉफ्टवेअर टाकू’ असं एक उत्साही पालक म्हणतातच. कंपनीचा करार सही करून घ्यायचा आणि पट्टी झाकायची, हा धडा मुलांना शिकवायचा असेल तर खुशाल.

‘पण गरीब शाळेने करायचं काय?’

हा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो. ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्यांनी भांडुपच्या किंवा मानखुर्दच्या मुलांना तत्त्वाचे धडे देणं सोपं आहे. आठवीच्या मुलाच्या घरी एकच मोबाईल, तोही बापाबरोबर कामावर जाणारा, तर शाळेतला कॉम्प्युटर हाच त्याचा कॉम्प्युटर. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वाचनालय हवं असं म्हटलंय, वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत असंही म्हटलंय. कॉम्प्युटरचा त्या यादीत उल्लेख नाही, आणि २००९ च्या यादीवर अजून किती वर्षं चालायचं हा प्रश्न सरकारला विचारायला हवा.

तोवर एक संधी आयतीच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ चालत नाही अशी सात-आठ वर्षांहून जुनी मशीन बीकेसी, अंधेरी, ऐरोलीतल्या ऑफिसांमधून बाहेर निघतायत. त्यांच्यावर विंडोजच्या जागी उबुंटू किंवा तत्सम लिनक्स प्रणाली टाकली तर वाचन, लेखन, इंटरनेट, थोडं कोडिंग यांसाठी ती झकास चालतात, आणि लिनक्सला पैसे पडत नाहीत. ते शिकायला पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प आहे. त्याचे धडे मराठीतही आहेत.

इंटरनेटचं बिल परवडत नसेल तर कीविक्स नावाच्या मोफत साधनाने मराठी विकिपीडिया एकदा उतरवून घेता येतो, मग जोडणीशिवाय वाचता येतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. सातवीच्या मुलाला प्रकल्पासाठी जे लागतं त्यातलं पुष्कळ काही यात सापडतं, आणि पट्टी कुठेच नसते.

यातही खर्च आहेच, ते लपवायला नको. वीज, टेबलं, वायरिंग, आणि मुख्य म्हणजे माणूस. फुकट कॉम्प्युटरच्या प्रस्तावात खरी किंमत मला यंत्रांपेक्षा त्या ‘दुरुस्ती आमची’ या दोन शब्दांत दिसते. अर्धवेळ ग्रंथपालाला पूर्णवेळ केलं आणि महिन्यातून दोनदा येणारा तंत्रज्ञ ठरवला, तर जुनी दहा मशीन नव्या वीस मशीनपेक्षा जास्त मुलांच्या हाती लागतील.

तरीही घ्यायचंच ठरलं तर

सगळ्या शाळांनी नाहीच म्हणावं असं माझं म्हणणं नाही. पहिल्या तऱ्हेची, सगळ्यांना तीच दिसणारी, शाळेने आधी पाहून मंजूर केलेली पट्टी असेल आणि लॉगिन सक्तीचं नसेल, तर मी पालक म्हणून हात वर करेन. तेवढ्यावर कंपनी तयार नसेल तर तिला पट्टी विकायची नाही, दुसरं काही विकायचंय, हे उघड झालं.

करारात वापराच्या तासांची अट असेल तर खोडून टाका. कोणता तास वाचनालयात जाईल हे वेळापत्रक ठरवेल. पालकांच्या उत्पन्नाचा रकाना कोरा ठेवा आणि तो का कोरा आहे ते बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवा. करार मराठीत मागा. मुलांबद्दल कोणती माहिती साठवली जाईल, ती कुठे राहील आणि कोणाला दिसेल, हे एका पानात मावत नसेल तर सही करू नका.

आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट, करार संपतो तेव्हाची. कंपनी बंद पडली किंवा दुसऱ्या कोणी विकत घेतली, तर मशीन शाळेची राहणार की टेम्पोत भरून जाणार? जाणार असतील तर आतल्या हार्ड डिस्क शाळेतच, तुमच्या माणसासमोर पुसल्या जातील आणि सर्व्हरवरची मुलांची माहिती अमुक दिवसांत काढून टाकल्याचं पत्र मिळेल, असं आधीच लिहून घ्या. माझ्या मित्राने समितीच्या वतीने एवढी दोन कलमं घालायला सांगितली. त्याला उत्तर आलं की वरिष्ठांशी बोलून कळवतो.